स्ट्रेप्टोलायसिन ओ: एकदा काहीच झालं नाही, एकदा सगळ्या पेशी मेल्या

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्हाला हेला पेशी (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कर्करोगाच्या पेशी) जिवंत ठेवून त्यांच्या आत साधारण 15 किलोडाल्टनची, रंग जोडलेली नॅनोबॉडी, म्हणजे अँटीबॉडीचा छोटा तुकडा, पोचवायची आहे. त्यासाठी विकतचं रिकॉम्बिनंट स्ट्रेप्टोलायसिन ओ, म्हणजे एसएलओ हे पेशीच्या पटलाला भोकं पाडणारं जिवाणूचं विष, आणलंत. पहिल्या वेळी नेहमीच्या डीएमईएम (पेशी वाढवायचं पोषक द्रावण) आणि 10 टक्के सीरममध्ये, कंपनीच्या पत्रकातल्या प्रमाणात ते घातलं. अर्ध्या तासाने प्रोपिडियम आयोडाइड (पटलाला भोक पडलेल्या पेशीतच शिरणारा रंग) टाकून पाहिलं तर एकही पेशी रंगली नव्हती. दुसऱ्या वेळी तेच प्रमाण कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या एचबीएसएस या साध्या क्षारद्रावणात घातलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जवळजवळ सगळ्या पेशी सुटून तरंगत होत्या. जेलवर (प्रोटीन वजनानुसार वेगळं करून बघण्याच्या चाचणीत) मात्र 60 किलोडाल्टनच्या आसपास एकच स्वच्छ बँड. आता तुम्ही विचारताय की प्रोटीन खराब आहे का, आणि दुसऱ्या कंपनीचं मागवावं का.

मला वाटतं प्रोटीन ठीक आहे, निदान दुसऱ्या प्रयोगाने तरी ते मेलेलं नाही एवढं दाखवलंय. नवीन ऑर्डर एवढ्यात देऊ नका. दोन्ही दिवशी तुम्ही बाटलीतून सारखंच प्रमाण काढलंत, पण पेशीच्या पटलापर्यंत पोचलेलं प्रमाण सारखं नव्हतं, आणि झालेली छिद्रं उघडी राहण्याचा वेळही सारखा नव्हता. डीएमईएम आणि एचबीएसएस हा फरक तुम्ही जाता जाता लिहिलाय. माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे.

हे प्रोटीन काम कसं करतं ते एकदा नीट डोळ्यांसमोर आणा, मग बाकीचं आपोआप उलगडतं. एसएलओ हे स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस या जिवाणूचं. न्यूमोलायसिन, लिस्टेरिओलायसिन, परफ्रिंगोलायसिन ही त्याचीच भावंडं. या सगळ्या कुळाला पटलावर कोलेस्टेरॉल लागतं. प्रोटीनचं शेपटाकडचं चौथं डोमेन (स्वतंत्र घडीचा भाग) कोलेस्टेरॉल ओळखून पटलाला चिकटतं. चिकटलेले रेणू पटलावर सरकत सरकत एकमेकांना भेटतात आणि त्यांचं कडं तयार होतं. एका पूर्ण कड्यात साधारण 35 ते 50 रेणू असतात. मग प्रत्येक रेणू आपले दोन हेअरपिन (केसांच्या पिनेसारखे दुमडलेले भाग) उलगडून पटलात खुपसतो आणि 25 ते 30 नॅनोमीटर व्यासाचं भोक पडतं. हे भोक प्रचंड मोठं आहे, त्यातून अँटीबॉडीसुद्धा जाऊ शकते. तुमच्या नॅनोबॉडीला तर काहीच अडचण नाही.

यातल्या दोन गोष्टी प्रयोगाच्या दृष्टीने फार कामाच्या आहेत. एक, चिकटणं थंडीतही होतं, बर्फावरसुद्धा. कडं पूर्ण होऊन भोक पडायला मात्र ऊब लागते. दोन, एका भोकासाठी पुष्कळ रेणू एकत्र यावे लागतात. म्हणून प्रमाण दुप्पट केलं की परिणाम दुप्पट होत नाही, एकदम उडी मारतो. एका डायल्यूशनला (पातळ करण्याच्या एका पायरीला) पाचातली एखादी पेशी रंगलेली असते, पुढच्याच डायल्यूशनला जवळजवळ सगळ्या. या उडीच्या काठावर काम करणाऱ्याला थोडासा फरकही फार महागात पडतो.

किती थोडासा, त्याचा हिशेब करून बघू. 60 किलोडाल्टनचं 1 नॅनोग्रॅम प्रोटीन म्हणजे सुमारे 1000 कोटी रेणू. 24 खणांच्या प्लेटच्या एका खणात तुमच्या 2 लाख पेशी आहेत असं धरू. प्रत्येक पेशीच्या वाट्याला 50 हजार रेणू येतात. 40 रेणूंचं एक कडं धरलं तर कागदावर 1250 भोकं. प्रत्यक्षात इतकी पडत नाहीत, कारण काही रेणू प्लास्टिकला चिकटतात, काही चिकटतच नाहीत, काही अर्धवट कड्यांत अडकतात (अर्धवट कडीही भोक पाडू शकतात, हेही लक्षात असू द्या). पण मुद्दा असा की फक्त 1 नॅनोग्रॅममध्ये पेशी उद्ध्वस्त करण्याइतका माल असतो, आणि त्या दिवशी खणात 2 लाखांऐवजी 1 लाख पेशी असतील तर प्रत्येक पेशीवरचा भार आपोआप दुप्पट होतो. प्रति मिलिलिटर किती नॅनोग्रॅम, एवढंच वहीत लिहिणं म्हणूनच पुरत नाही. मी आमच्या लॅबमधल्या मुलांना पेशींची संख्या आणि खणातला एकूण व्हॉल्यूम सोबत लिहायलाच लावते. पेशी किती दाट वाढल्या होत्या तेही लिहा.

आता तुमचा पहिला दिवस. डीएमईएम आणि सीरम.

सीरममध्ये कोलेस्टेरॉल असतं, लिपोप्रोटीनच्या कणांत भरलेलं. एसएलओला ते कोलेस्टेरॉल आणि पेशीवरचं कोलेस्टेरॉल यात तुम्हाला हवा तसा भेदभाव करता येत नाही. पेशीपर्यंत पोचण्याआधीच बराच माल तिथे गारद होतो. माणसाचं सीरम असेल तर आणखी एक भानगड: आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी कधी ना कधी स्ट्रेपचा घसा झालेला असतो, त्यामुळे एसएलओविरुद्धच्या अँटीबॉडी रक्तात असतात. आपल्याकडच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये होणारी एएसओ टेस्ट, संधिवाताच्या तापाच्या शंकेने डॉक्टर लिहून देतात ती, याच अँटीबॉडी मोजते. 1932 साली टॉड यांनी ती पद्धत मांडली आणि आजही 200 युनिटच्या वरचा आकडा दिसला की डॉक्टर लक्ष देतात. तुमचं सीरम वासराचं आहे, त्यामुळे अँटीबॉडीचा प्रश्न तितका नाही, पण कोलेस्टेरॉलचा आहेच.

दुसरी गोष्ट कॅल्शियमची, आणि ती अनेकांच्या लक्षात येत नाही. डीएमईएममध्ये 1.8 मिलिमोलर कॅल्शियम असतं. केंद्रक असलेल्या पेशीला भोक पडलं की बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं आणि तोच तिला दुरुस्तीचा इशारा ठरतो. लायसोसोम (पेशीतल्या पाचक रसांच्या पिशव्या) पटलाशी येऊन जुळतात, भोक पडलेला पटलाचा तुकडा आत ओढला जातो किंवा फुगवटा करून बाहेर टाकला जातो. यातली कोणती वाट किती महत्त्वाची यावर संशोधकांत मतभेद आहेत, पण कॅल्शियम लागतं यावर नाहीत. हे सगळं काही मिनिटांत होतं. तुम्ही प्रोपिडियम आयोडाइड अर्ध्या तासाने घातलंत. समजा सीरममधून वाचलेल्या थोड्या एसएलओने भोकं पाडलीही, तरी तोवर पेशींनी ती बुजवून टाकलेली असणार. मग रंग बाहेरच राहतो आणि आपण म्हणतो, काहीच झालं नाही. भोकं पडली का हे बघायचं असेल तर रंग सुरुवातीपासून द्रावणात हवा. भोकं बुजली का हे बघायचं असेल तर नंतर घालायचा. दोन्ही हवं असेल तर दोन वेगळे रंग, एक आधी आणि एक नंतर. वेळेचा हा फरक केला नाही तर एकाच आकड्याचे दोन उलटे अर्थ निघू शकतात.

दुसरा दिवस याच्या नेमका उलट. सीरम नाही, म्हणजे बाटलीतला जवळजवळ सगळा माल पेशींवर. कॅल्शियम नाही, म्हणजे दुरुस्ती बंद. भोकं उघडीच राहिली, पोटॅशियम आणि एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) वाहून गेलं, आणि इतकी भोकं पडलेल्या पेशींना नंतर चांगलं मीडियम देऊन फार उपयोग झाला नाही. शिवाय मॅग्नेशियमही नसलेल्या द्रावणात हेला पेशी तशाही गोल होऊन सुटू लागतात, त्यामुळे तरंगणाऱ्या पेशींतल्या काही विषाने नाही तर नुसत्या द्रावणाने सुटल्या असतील. एसएलओ न घातलेला, फक्त त्या द्रावणात तितकाच वेळ ठेवलेला खण तुम्ही ठेवला होता का? प्रश्नात त्याचा उल्लेख नाही. तो नसेल तर पुढच्या वेळी नक्की ठेवा.

आता थायॉलबद्दल, म्हणजे प्रोटीनमधल्या गंधकाच्या गटाबद्दल. एसएलओतला ओ ऑक्सिजनचा. मूळ प्रोटीनमध्ये सिस्टीन हे थायॉल असलेलं अमिनो आम्ल एकच आहे, शेपटाकडच्या अकरा अमिनो आम्लांच्या पट्टीत, आणि हवेत त्याचं ऑक्सिडेशन झालं की प्रोटीन झोपतं. डीटीटीसारखं रिड्यूसिंग एजंट दिलं की जागं होतं. म्हणून जुन्या लेखांत या कुळाला थायॉलने जागं होणारी विषं म्हणतात. गंमत अशी की 1989 मध्ये ते सिस्टीन बदलून अॅलानिन केलं तेव्हाही प्रोटीनने काम केलं. म्हणजे सिस्टीन कामासाठी लागतच नाही, फक्त ते ऑक्सिडाइझ झालं तर आड येतं. त्यामुळे बाजारात दोन्ही प्रकार मिळतात: मूळ सिस्टीन असलेलं, ज्याला डीटीटी लागतं, आणि बदललेलं, ज्याला लागत नाही. तुमचं कोणतं आहे हे पत्रकात बघा, नसेल तर कंपनीला अमिनो आम्लांचा क्रम विचारा. मूळ असेल तर ताजं डीटीटी 5 ते 10 मिलिमोलर घालून काही मिनिटं ठेवा आणि मगच डायल्यूट करा. डीटीटीचं द्रावण फार टिकत नाही, महिन्यापूर्वी बनवून फ्रिजच्या दारात ठेवलेलं वापरू नका. आणि पेशी जिवंत आहेत का हे एमटीटीने (जिवंत पेशी ज्याचा रंग बदलतात त्या पदार्थाने) मोजणार असाल तर सावध राहा, उरलेलं डीटीटी पेशींशिवायच एमटीटीचा रंग आणतं. मेलेल्या पेशी जिवंत दिसतात.

जेलवरच्या बँडवर विसंबू नका, तेही इथेच सांगते. जेल सांगतं की त्या वजनाचं प्रोटीन आहे. ते नीट घडी पडलेलं आहे का, ऑक्सिडाइझ झालंय का, यातलं काहीही जेल सांगत नाही. शेपटाकडचा छोटा तुकडा तुटला असेल तर वजनातला फरक जेमतेम दिसेल, पण चिकटण्याची जागाच गेल्याने प्रोटीन निकामी असेल.

म्हणून प्रोटीनची परीक्षा लाल रक्तपेशींवर. ही परीक्षा जुनी आहे, स्वस्त आहे, आणि एका दुपारी होते. मेंढीच्या किंवा सशाच्या लाल पेशी पीबीएस या क्षारद्रावणाने तीनदा धुवा, वरचं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत. माणसाच्या असतील तर धुण्यात अजिबात कंजुषी नको, प्लाझ्मामधलं कोलेस्टेरॉल आणि अँटीबॉडी दोन्ही जायला हवीत. पेशी 2 टक्के सस्पेन्शनमध्ये घ्या. व्ही आकाराच्या तळाच्या 96 खणांच्या प्लेटमध्ये एसएलओची दुपटीची डायल्यूशन करा, द्रावणात 0.1 टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) असू द्या, नाहीतर पातळ डायल्यूशनमध्ये प्रोटीन प्लास्टिकलाच चिकटून बसतं. एक ओळ डीटीटीसह, एक डीटीटीशिवाय. एका खणात फक्त बफर, एकात पेशी पूर्ण फुटाव्यात म्हणून नुसतं पाणी. 37 अंशांवर अर्धा तास, मग प्लेट हलक्या वेगाने फिरवायची. फुटलेल्या खणांत सगळं द्रावण लाल आणि पारदर्शक दिसतं, न फुटलेल्या खणांत वर स्वच्छ पाणी आणि तळाशी लाल टिकली. कुठल्या खणापासून टिकली सुरू होते ते नुसत्या डोळ्यांनी कळतं. वरचं द्रावण सपाट तळाच्या प्लेटमध्ये काढून 540 नॅनोमीटरला वाचलं की 50 टक्के फुटण्याचं प्रमाण मिळतं.

दोन ओळींत मोठा फरक दिसला तर तुमचं प्रोटीन ऑक्सिडाइझ झालेलं आहे. फरक नसेल आणि दोन्ही ओळींत पेशी नीट फुटल्या तर प्रोटीन ठणठणीत. दोन्ही ओळींत काहीच नसेल, तेव्हा कंपनीशी बोला.

हा आकडा कंपनीच्या आकड्याशी जुळेलच असं नाही. एक हिमोलिटिक युनिट म्हणजे काय, याची व्याख्या प्रत्येकाची वेगळी असते. कोणी सशाच्या पेशी घेतं, कोणी मेंढीच्या, कोणी 1 टक्का सस्पेन्शन, कोणी 2, कोणी अर्धा तास, कोणी एक. त्यामुळे एका कंपनीची 100 युनिट आणि दुसऱ्या कंपनीची 100 युनिट यांची तुलना करू नका. लेखात वाचलेला युनिटचा आकडा आपल्या प्रयोगात तसाच उचलूही नका. तुमच्या हातचा, तुमच्या पेशींवरचा आकडाच तुमच्या उपयोगाचा. तो प्रत्येक नव्या लॉटला पुन्हा काढायचा.

आणि लाल पेशींवरचा आकडा हेला पेशींना लागू नाही. परिपक्व लाल पेशीत लायसोसोम नसतात, हेलासारखी दुरुस्तीची यंत्रणा तिच्याकडे नाही. ती सांगते फक्त प्रोटीन चालतं की नाही. हेलावर वेगळं टायट्रेशन (प्रमाण पायरीपायरीने बदलून योग्य ते शोधणं) करावंच लागेल, आणि ते मी पुढीलप्रमाणे करते.

पेशी आदल्या दिवशी पॉलिलायसिन लावलेल्या काचेवर किंवा खणात बसवायच्या, म्हणजे कॅल्शियमशिवायच्या काळात सुटत नाहीत. सीरम जाईपर्यंत दोनदा धुवायचं. काम करायचं द्रावण कॅल्शियम नसलेलं, पण मॅग्नेशियम असलेलं घ्यायचं. उरलंसुरलं कॅल्शियम काढायला ईजीटीए घालायचं, ईडीटीए नको, कारण ते मॅग्नेशियमही पकडतं. मग बर्फावर एसएलओची दुपटीची डायल्यूशन, पाच ते दहा मिनिटं. पेशींवर बसायचं ते या काळात बसतं, भोकं मात्र पडत नाहीत. न चिकटलेलं एसएलओ थंड द्रावणाने धुऊन टाकायचं. आता आधीच 37 अंशांवर ठेवलेलं द्रावण घालायचं, त्यात नॅनोबॉडी असेल आणि पहिल्या टायट्रेशनच्या वेळी प्रोपिडियम आयोडाइडही. दहा-पंधरा मिनिटांनी कॅल्शियम असलेलं मीडियम घालून पेशी पुन्हा इनक्युबेटरमध्ये.

थंडीत चिकटवून धुण्याचा फायदा असा की भोकं साधारण एकाच वेळी पडतात आणि द्रावणात जादा एसएलओ उरत नाही, त्यामुळे कॅल्शियम घातल्यावर दुरुस्ती चालू असताना नवी भोकं पडत राहत नाहीत. तुमच्या दुसऱ्या प्रयोगात एसएलओ सगळा वेळ द्रावणातच होतं.

कोणतं प्रमाण निवडायचं? जिथे सगळ्या पेशींना भोकं पडतात ते नव्हे. ज्या प्रमाणात निम्म्याहून जास्त पेशी रंगतात, पण कॅल्शियम दिल्यावर त्यातल्या बहुतेक पुन्हा बंद होतात, ते. काही तासांनी पेशी पसरलेल्या आहेत का, कडा नीट आहेत का, हे मायक्रोस्कोपखाली बघा. पेशीवर फुगे दिसत असतील आणि केंद्रक आकसलेलं असेल, तर ती पेशी पटल बुजूनही वाचणार नाही. पेशी बाहेरून बंद झाली म्हणजे ती जगली असं नसतं. दुसऱ्या दिवशीची संख्या मोजल्याशिवाय मी कुठलंही प्रमाण पक्कं धरत नाही.

इथवरचं थोडक्यात: आधी लाल पेशींवर प्रोटीन तपासा, मग हेलावर भोकं आणि दुरुस्ती वेगवेगळी मोजा, सीरम आणि कॅल्शियम कधी आहे आणि कधी नाही याचा वेळ हातात ठेवा. वहीत पेशींची संख्या लिहा.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी आहेतच. पेशींच्या पटलातलं कोलेस्टेरॉल पेशीच्या प्रकाराप्रमाणे आणि त्या किती दाट वाढल्या आहेत त्याप्रमाणे बदलतं, आणि कोलेस्टेरॉल ठराविक पातळीखाली गेलं की हे कूळ जवळजवळ चिकटतच नाही. म्हणून तुमच्या हेलाचं प्रमाण शेजारच्या लॅबच्या हेलालाही जसंच्या तसं लागू पडेल असं मी सांगणार नाही. याच गुणाचा एक चांगला उपयोगही आहे: मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनने थोडं कोलेस्टेरॉल काढलेल्या पेशींवर एसएलओ घाला. परिणाम गळून पडला तर भोकं खरंच एसएलओचीच होती.

नॅनोबॉडीसाठी एसएलओची निवड योग्य आहे. 2001 मध्ये जर्मनीतल्या माइन्झच्या गटाने याच पद्धतीने 100 किलोडाल्टनपर्यंतचे रेणू जिवंत पेशींत पोचवता येतात हे दाखवलं, 15 किलोडाल्टन त्यापुढे काहीच नाही. कोणी तुम्हाला स्टॅफिलोकोकसचं अल्फा टॉक्सिन सुचवलं असेल तर ते या कामाचं नाही. त्याचं भोक सात रेणूंचं, सर्वांत अरुंद जागी दीड नॅनोमीटरपेक्षाही कमी. आयन आणि एटीपी जातात, प्रोटीन जात नाही. पेशीतलं सगळं प्रोटीन आतच ठेवून फक्त आयन बदलायचे असतील तेव्हा तेच उत्तम.

तुम्ही शेवटी लिहिलंय की पुढे हेच मॅक्रोफेजमध्ये (जंतू गिळणाऱ्या संरक्षक पेशींत) करून इंटरल्यूकिन-1 बीटा, म्हणजे दाहाचा संदेश देणारं प्रोटीन, मोजायचं आहे. ते वाचून मी जरा थांबले, कारण इथे मोठा सापळा आहे आणि त्यावर वेगळं लिहायलाच हवं. रिकॉम्बिनंट प्रोटीन बहुधा ई. कोलाईत बनतं, आणि ई. कोलाईसोबत एलपीएस (या जिवाणूच्या आवरणातला, दाह पेटवणारा पदार्थ) येतं. मॅक्रोफेजचा टीएलआर4 हा रिसेप्टर अगदी थोडं एलपीएसही ओळखतो आणि पेशी प्रो-इंटरल्यूकिन-1 बीटा बनवू लागते. मग एसएलओच्या भोकातून पोटॅशियम बाहेर पडतं, एनएलआरपी3 इन्फ्लमासोम (पेशीतला धोक्याचा इशारा ओळखणारा प्रोटीनसंच) जागा होतो आणि तयार झालेलं इंटरल्यूकिन बाहेर येतं. दोन्ही इशारे एकाच बाटलीतून आलेले असतात, आणि आपण सगळं श्रेय भोकांना देऊन मोकळे होतो.

याच्यावरचा नेहमीचा कंट्रोल म्हणजे प्रोटीन उकळून घालणं. उकळल्याने एसएलओ मरतं, एलपीएस मरत नाही. म्हणून उकळलेल्या नमुन्यानेही पेशी जागी झाली तर एलपीएस आहे हे नक्की कळतं. पण त्याने इंटरल्यूकिन बाहेर आलं नाही, तर प्रोटीन शुद्ध आहे असं म्हणता येत नाही. तिथे दुसरा इशारा देणारी भोकंच नव्हती, इंटरल्यूकिन आतच अडकलेलं असू शकतं. म्हणून बाहेरच्या इंटरल्यूकिनसोबत पेशीच्या आतलं प्रो-इंटरल्यूकिन वेस्टर्न ब्लॉटवर (अँटीबॉडीने प्रोटीन ओळखण्याच्या चाचणीत) बघा. सर्वांत भरवशाचा कंट्रोल म्हणजे चिकटतं पण भोक पाडत नाही असं बदललेलं एसएलओ, त्याच स्ट्रेनमध्ये, त्याच दिवशी, त्याच पद्धतीने शुद्ध केलेलं. सोबत पॉलिमिक्सिन बी (एलपीएसला पकडून निकामी करणारं औषध) घातलेला खण ठेवा. पोटॅशियमचा वाटा बघायला बाहेरचं पोटॅशियम वाढवून पाहा. आणि प्रत्येक वेळी एलडीएच (पेशी फुटली की बाहेर सांडणारं एन्झाइम) मोजा, नाहीतर पेशी फुटून सांडलेलं आणि पेशीने मुद्दाम बाहेर टाकलेलं यातला फरक कळणार नाही.

एलपीएस काढायला ट्रायटन एक्स-114 वापरतात. चांगलं चालतं. पण तो डिटर्जंट आहे, थोडा जरी उरला तरी तोही पटलाला भोकं पाडतो. प्रोटीन न घालता सगळ्या पायऱ्यांतून काढलेला बफर तुमच्या पेशींवर घालून बघा, मगच विश्वास ठेवा. विकतच्या प्रोटीनसाठी कंपनीकडे प्रति मिलिग्रॅम एंडोटॉक्सिनचा (म्हणजे एलपीएसचाच) आकडा मागा. हेला पेशींच्या कामाला मी यावर इतका आग्रह धरला नसता, मॅक्रोफेजला धरतेच.

साठवणीबद्दल थोडंच. बाटली आली की लगेच छोटे अॅलिकॉट (एकेका वापरापुरते भाग) करून उणे 80 ला ठेवा, वितळलेलं पुन्हा गोठवू नका. आपल्याकडे परदेशातून मागवलेलं पार्सल विमानतळावर कस्टम्समध्ये अडकतं आणि ड्राय आइस संपतो हे नवीन नाही. पार्सल उघडताना बर्फ शिल्लक होता का ते नोंदवा, आणि पहिला अॅलिकॉट थेट लाल पेशींच्या परीक्षेला द्या. आल्या दिवशीचा आकडा हाताशी असेल तर सहा महिन्यांनी प्रोटीन मंदावलं की नाही यावर वाद होत नाही.

कोणाकडून प्लाझ्मिड घेऊन स्वतः बनवायचा विचार असेल तर आधी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची परवानगी घ्या. 1989 च्या नियमांनुसार ती लागतेच, आणि विषाच्या जनुकाचं काम समितीला सांगितल्याशिवाय सुरू करायचं नसतं. विकतचं वापरतानाही हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि या द्रावणाजवळ सुया नकोत. प्रयोगशाळेतल्या प्रमाणात ते त्वचेवर सांडलं तर घाबरण्यासारखं नाही, पण रक्तात जाणं धोक्याचं आहे. उरलेलं द्रावण आणि टिप्स ऑटोक्लेव्ह करा.

लाल पेशींची प्लेट झाली की इथेच लिहा: डीटीटीसह आणि डीटीटीशिवाय 50 टक्क्यांचं प्रमाण, लाल पेशी कोणाच्या आणि किती टक्के, आणि कंपनीच्या पत्रकातली युनिटची व्याख्या. हेलाचं टायट्रेशन सुरू करण्याआधी हे कळलं तर पहिलं डायल्यूशन कुठून सुरू करायचं ते सांगते.